परवानामुक्त वॉकीटॉकी घेण्याआधी

आमची हापूसची बाग देवगड तालुक्यात, खाडीच्या उतारावर. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फोनला रेंज असते, खाली कलमांत शिरलं की गेली. तोडीच्या दिवसांत गडी आंबे तोडायचे झेले घेऊन खाली, पेट्या भरणाऱ्या बायका वर मांगरात (बागेतल्या खोपटात), आणि मध्ये नुसत्या हाका. म्हणून पुतण्याने ऑनलाइन वॉकीटॉकीचे दोन सेट मागवले. स्वस्त, ५ वॅटचे, लांब अँटेनाचे.

संध्याकाळी तो खळ्यात बसून आकडे फिरवत होता. धाकटे भावोजी होडीवर जातात. ते आले, पडद्यावरचा आकडा बघितला आणि सेट काढूनच घेतला. १५६.८ मेगाहर्ट्झ. समुद्रावरचा चॅनल १६.

"होडी बुडूक लागली की तांडेल ह्याच चॅनलार हाक मारता. तू हयसून बटण दाबून बसलंस तर त्येची हाक कोण आयकतलो?"

ते सेट आम्ही परत केले आणि नियम नीट समजून घेतले. हातातल्या साध्या वॉकीटॉकीला परवान्यातून सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, २०१८ च्या नियमांनुसार. ताकद अर्ध्या वॅटपर्यंत, अँटेना सेटलाच कायमची जोडलेली. अँटेना फिरवून निघत असेल तर तो सेट तिथेच ठेवा.

विक्रेते दोन गोष्टी सांगतात, त्यांना भुलू नका. पहिली, "५ वॅट चालतात." चालतात, पण २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सिटिझन बँडवर, तो पट्टा वेगळा, त्याचे सेटही वेगळे. दुसरी, "सेटिंगमध्ये ४४६ लावून घ्या." १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा पट्टाही उघडा असलेला सेट ४४६ वर लावल्याने परवानामुक्त होत नाही. उद्या कोणाचं बोट चुकलं की तो पुन्हा चॅनल १६ वर.

सूट परवान्यातून आहे, मान्यतेतून नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी संदेशांचं नियोजन बघणाऱ्या) शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं. दुकानदाराकडे त्याची प्रत मागा आणि त्यावरचं मॉडेल खोक्यावरच्या मॉडेलशी ताडून बघा. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यानुसार फ्रिक्वेन्सी, परवाना लागतो की नाही आणि ईटीए ही माहिती विक्रेत्याने द्यायलाच हवी. ती नसेल तर पैसे भरू नका.

होडीवरचा व्हीएचएफ सेट बागेत आणायचा नाही. त्याला परवाना लागतो आणि तो समुद्रासाठीच आहे.

आता वापराचं. हा पट्टा सगळ्यांचा, त्यामुळे आधी ऐका, चॅनल मोकळा असेल तरच बोला. दुसऱ्या कोणाचं बोलणं मध्ये आलं तर तक्रारीला जागा नाही, आपण चॅनल बदलायचा. सेटवरच्या 'प्रायव्हसी कोड'ने आपलं बोलणं गुप्त राहत नाही. इतरांचं आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. म्हणून आमच्याकडे पैशांचा आकडा किंवा गाडी किती वाजता निघणार, हे सेटवर कोणी बोलत नाही.

उतारावर आम्हाला एखाद किलोमीटर आवाज मिळतो, मध्ये कातळाचा उंचवटा आला की कमी. बागेला तेवढा पुरतो. खाडीच्या तोंडाशी कोणी अडचणीत दिसलं तर मात्र सेट खाली ठेवून सड्यावर धावायचं आणि फोनवरून तटरक्षक दलाचा १५५४ लावायचा. तो आकडा मांगराच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय.