सोन्याची जागा तपासायची तर आधी काय, नंतर काय

एक गोष्ट आधीच पक्की करा, जमिनीवर ठेवून खोल खडकातलं सोनं थेट दाखवणारं मशीन नसतं. टनाला तीन-चार ग्रॅम सोनं म्हणजे चांगली खाण, एवढंसं कुठल्या मीटरला कळणार? आपण शोधायचे ते सोन्याचे सोबती, म्हणजे क्वार्ट्झ (गारगोटी), पायराइट, आर्सेनोपायराइट ही सल्फाइड म्हणजे गंधकाची खनिजं, आणि खडक दाबून-सरकून चिरडलाय तो शिअर झोन.

कर्नाटकातलं हट्टी घ्या, रायचूर जिल्ह्यातलं. काळसर अँफिबोलाइट खडकातून सोन्याच्या शिरा जातात, तीव्र उताराच्या. अशा ठिकाणी आधी मॅग्नेटिक सर्व्हे (खडकांच्या चुंबकत्वाची मोजणी) करा, स्वस्त पडतो आणि खडक कुठे बदलतो, झोन कुठून जातो ते नकाशावर येतं. मग शिरेला आडव्या लाइन टाकून आयपी (इंड्यूस्ड पोलरायझेशन), म्हणजे जमिनीत करंट सोडून केलेला सर्व्हे. त्यात करंट बंद केला तरी जमीन थोडा वेळ चार्ज धरून ठेवते, सल्फाइड विखुरलेलं असेल तर जास्तच, पण ग्रॅफाइटही अगदी तसंच दाखवतं, त्यामुळे आयपीचा लाल पट्टा दिसला की लगेच रिग (बोअर मारायचं मशीन) बोलावू नका, आधी ट्रेंच (लांब चर) मारा, सॅम्पल लॅबला पाठवा. आणि जुने खणलेले खड्डे दिसले तर ते नकाशावर घ्याच, हट्टीला फार पूर्वीच्या लोकांनी शिरा शोधून खणल्यात.

आता बोअर. शीर पश्चिमेला ७० अंशात उतरत असेल तर बोअर पश्चिमेकडून पूर्वेला, आडव्यापासून साधारण ५० अंश खाली. तरीही कोअरमध्ये (बोअरमधून निघणाऱ्या खडकाच्या लांब कांडीत) १० मीटर सोन्याची शीर लागली तर खरी जाडी ८.७ मीटरच, कारण बोअर शिरेला काटकोनात नाही, ६० अंशात छेदतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

कोअर उभा अर्धा कापायचा, अर्धा लॅबला, अर्धा बॉक्समध्ये जपून. हे मी कळकळीने सांगतोय, कारण इंडोनेशियातल्या बुसांगला ब्रे-एक्स कंपनीने अख्खा कोअर कुटून टाकला, नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं आणि पडताळायला अर्धा भागच उरला नव्हता, १९९७ मध्ये सगळं कोसळलं आणि लोकांचे पैसे बुडाले. म्हणून दर बॅचमध्ये माहीत ग्रेडचं (टनाला किती ग्रॅम सोनं ते आधीच ठाऊक असलेलं) स्टँडर्ड, सोनं नसलेला ब्लँक आणि त्याच नमुन्याचा डुप्लिकेट घाला, लॅबला न सांगता. डुप्लिकेटचे आकडे फारच वेगळे आले तर सोनं भरड दाण्यांचं असू शकतं, मग मोठं सॅम्पल घेऊन स्क्रीन फायर ॲसे करा, म्हणजे चाळून भरड आणि बारीक भागातलं सोनं वेगवेगळं तपासा. एका बोअरला भारी ग्रेड लागला तरी बाजूला दोन-तीन बोअर मारून तीच शीर पुन्हा सापडेपर्यंत टनेजचा (किती टन सोन्याचा खडक आहे याचा) हिशोब करू नका.