चढता येतं, उतरता येत नाही: हॅमस्टर पाळताना या चुका टाळा

आमचा हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, दिवाणाच्या काठावरून सरळ चालत गेला आणि खाली पडला. घसरला नाही, उडीही मारली नाही. काठ संपला तरी पावलं चालूच राहिली, इतकंच. फरशीवर ‘टप्’ आवाज झाला आणि माझी भाची अशी किंचाळली की शेजारच्या काकू हातातलं लाटणं घेऊनच आल्या. रंग रश्श्यावरच्या तर्रीसारखा म्हणून भाचीने त्याचं नाव तर्री ठेवलंय. तर्री कूलरच्या स्टँडखाली जाऊन बसला आणि मागचा उजवा पाय उचलून धरून तासभर हलला नाही.

तोवर माझी समजूत होती की उंची सगळ्याच प्राण्यांना कळते. मांजराला कळते, खारीला कळते. हॅमस्टरला कळत नाही. त्याची नजर अधू, खाली किती खोल आहे याचा अंदाज जवळजवळ शून्य. सगळा कारभार नाक आणि मिशांवर. सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासचा, सपाट शेतांतला. तिथे तो अर्ध्या मीटरहून खोल बिळं खोदून राहतो. कड्यावरून खाली डोकावण्याची वेळ त्याच्या आज्या-पणज्यावर कधी आलीच नाही. त्यामुळे ‘पडेल एकदा, मग शिकेल’ हे विसरा. तो शिकत नाही. उंची आपणच कमी करायची.

पहिली चूक पिंजऱ्यातच असते. दुकानात दिसतो तो रंगीत, तारेचा, दुमजली पिंजरा, आत शिडी आणि वरच्या मजल्याला जाळीची फरशी. पोट्टे त्यावरच भाळतात. हॅमस्टर तारा धरून छतापर्यंत पोचतो, तिथे हातांनी लोंबकळतो आणि उतरायचं कसं हे न कळून हात सोडून देतो. खाली मातीचं घर किंवा वाटी असली तर पाठीवरच आदळतो. जाळीत पाय अडकून मोडतो तो वेगळाच. असा पिंजरा घरात आलाच असेल तर वरचा मजला काढून टाका, जमत नसेल तर जाळीवर जाड पुठ्ठा अंथरा. कुठूनही पडला तरी 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची राहू नये. त्यासाठी तळाला कागदी बेडिंगचा, म्हणजे अंथरायच्या कागदी कपट्यांचा, 20 सेंटीमीटरचा थर भरा. खोदायलाही तेवढं लागतंच. जड वाटी आणि घर मात्र थेट तळावर टेकवा. बेडिंगवर ठेवलं तर तो खालून पोखरतो आणि तेच त्याच्या अंगावर बसतं.

आम्ही शेवटी कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेतला, झाकण कापून जाळी बसवली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात झाकणातली खिडकी ऐसपैस हवी, चार भोकं पाडून भागत नाही.

चाकाचं तसंच. काड्यांच्या चाकात पळताना पाय दोन काड्यांमधून खाली जातो, चाक मात्र फिरत राहतं. पाय मोडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. चाकाची धावायची पट्टी सलग हवी, आणि सोनेरी हॅमस्टरला व्यास साधारण 28 सेंटीमीटर हवा, छोट्या जातींना 20. पळताना पाठ धनुष्यासारखी वर वाकत असेल तर चाक लहान आहे. काड्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याचा जुगाड मी करून पाहिलाय. दोन रात्रींत त्याने ती कुरतडली.

हॅमस्टरला आत ठेवून घरभर पळवायचा पारदर्शक बॉल घेऊच नका. फटींत नखं अडकतात, आणि जिन्याकडे गेला तर बॉलसकट खाली. पिंजऱ्यात कापूस घालू नका, त्याचे धागे पायाला आवळतात. साधा टिश्यू फाडून दिला की झालं. दोन सोनेरी हॅमस्टर एकत्र ठेवाल तर पडण्याआधी चावूनच जखमी होतील.

हातात घेण्याची चूक जवळपास प्रत्येक घरात होते. तो दिवसा झोपतो, आपण नेमकं पाहुणे आले की उठवतो. वरून हात आला की त्याला घार आल्यासारखं वाटतं, तो चावतो, आपण हात झटकतो. झटकलेल्या हातातून थेट फरशीवर. संध्याकाळी तो आपणहून जागा झाला की मग्यात येऊ द्या, जमिनीवर मांडी घालून बसा आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत मांडीवरच घ्या. उभं राहून, दिवाणावर, बाल्कनीत कधीच नाही. लहान मुलांनी ओंजळ करायची, उचलायचं मोठ्यांनी.

पडलाच तर आधी धावाधाव थांबवा. रुमालाखाली अलगद घेऊन बुटांच्या खोक्यात ठेवा, तळाला टिश्यू, जवळ दाणे आणि काकडीची चकती, म्हणजे पाण्याच्या बाटलीपर्यंत मान उंचवावी लागत नाही. चाक काढून टाका. मग लांबून बघा. मागचे दोन्ही पाय ओढत असेल, नाकातून रक्त येत असेल, मान एका बाजूला कलली असेल किंवा श्वासाला पोट जोरात हलत असेल तर न थांबता डॉक्टर गाठा. दातही तपासा, तुटलेले पुढचे दात पुन्हा वाढतात, पण वाकडे वाढले तर खाता येत नाही. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, काडी बांधून पाय सरळ करायलाही जाऊ नका.

मे महिन्यात एक घोळ हमखास होतो. हॅमस्टर लुळा पडलेला दिसला की ‘पडला असेल’ म्हणतात, प्रत्यक्षात त्याला ऊन लागलेलं असतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर 45 अंश असताना खोली 30 च्या वर गेली तरी त्याला धोका. अंग पसरलेलं, तोंडाशी ओलं, धाप लागलेली असेल तर गार खोलीत हलवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. डिसेंबरच्या थंडीत उलट होतं. अंग गार, हालचाल बंद, श्वास जेमतेम. मेला म्हणून पुरू नका, ओंजळीत हळूहळू ऊब द्या. तिन्ही बाबतींत पुढचा फोन डॉक्टरलाच.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्या. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. उन्हाळ्यात न्यायचं तर सकाळीच, ऑटोत खोका मांडीवर धरून. तर्रीला आम्ही असंच नेलं. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. काही दिवस चाक बंद आणि आराम एवढंच सांगितलं. तेवढे दिवस तो रात्रभर चाकाच्या रिकाम्या जागी बसून डब्याची भिंत कुरतडत होता.