भूगोलाचं वर्ष प्रश्नांवर बांधा

नववीच्या भूगोलाचं नियोजन करताना धड्यांचा क्रम बाजूला ठेवा आणि आधी एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलमध्ये केळी एवढी का पिकते? सत्राला असे दोनच प्रश्न पुरतात. तीन घेतले की सगळेच अर्धवट राहतात, हा माझा अनुभव आहे.

या एका प्रश्नात मृदा, हवामान, भूजल, वाहतूक आपसूक येतात. पहिल्याच तासाला मुलांना शेतातली मूठभर माती आणायला सांगा. काचेच्या बाटलीत पाणी घालून ती खळखळून हलवायची आणि रात्रभर ठेवायची. वाळू तळाशी बसते, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं. मुलं बाटलीला पट्टी लावून थर मोजू लागतात, तेव्हाची कुजबूज ऐकण्यासारखी असते. मग नकाशावर सातपुड्याचा पायथा, तापीचा गाळ आणि भुसावळ जंक्शन दाखवा. विहिरीचं पाणी पूर्वी किती हातांवर होतं, हे आजोबांना विचारून यायला सांगा.

दुसरा प्रश्न: गोदावरी-कृष्णा पूर्वेला वाहतात, मग तापी पश्चिमेला का? इथे खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली दरी, शिकवता येते. धुळ्याकडच्या शाळांनी प्रश्नासाठी पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याची जुनी सिंचन पद्धत, घ्यावी. एक बंधारा बघून आलं तरी पुरे.

प्रत्येक प्रश्नाला दहा-बारा तास धरा, त्यातले शेवटचे दोन मुलांच्या उत्तरांसाठी राखा. धडे नंतर प्रश्नांखाली लावा. जे बसत नाहीत ते सरळ शिकवा.