अमेरिकेतला गुलामगिरीचा वाद वाचताना कोण कुठे उभा आहे, ते कसं ओळखावं

हा वाद वाचायला बसताना वहीत ‘उत्तर’ (गुलामगिरी नसलेली राज्यं) आणि ‘दक्षिण’ (गुलामगिरी असलेली राज्यं) असे दोन रकाने आखू नका. अकरावीची मुलं हेच करतात आणि मग अर्धी माणसं चुकीच्या रकान्यात जातात.

त्याऐवजी प्रत्येक वक्त्याला तीन प्रश्न विचारा. आहे त्या गुलामगिरीचं काय करायचं? पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत तिला शिरू द्यायचं का? आणि गुलाम सुटला, की त्याला बरोबरीचा नागरिक मानायचं का? मी हे प्रश्न फळ्यावर लिहिते आणि तास संपेपर्यंत पुसू देत नाही.

सुरुवात लिंकनपासून करा, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. १८५८ साली सिनेटच्या जागेसाठी इलिनॉयमध्ये त्याचे आणि स्टीफन डग्लसचे सात जाहीर वादविवाद झाले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको, यावर लिंकन ठाम होता. जिथे ती आहे तिथे हात घालणार नाही, असंही तो म्हणत होता. तिसऱ्या प्रश्नावर मात्र दोन सभा शेजारी ठेवून वाचा. ऑगस्टमध्ये ऑटवाला तो म्हणतो, स्वतःच्या कष्टाची भाकरी खाण्याच्या हक्कात काळा माणूस माझ्या बरोबरीचा आहे. सप्टेंबरमध्ये चार्ल्सटन गावी तोच म्हणतो, दोन्ही वंशांच्या सामाजिक आणि राजकीय समतेच्या बाजूने मी नाही. दोन्ही वाक्यं लिहून घ्या, एकही गाळू नका. स्टीफन डग्लसचं म्हणणं सोपं होतं: नव्या प्रदेशातल्या लोकांनीच मतं देऊन ठरवावं. १८५४ च्या कायद्याने कॅन्ससमध्ये तसं करू दिलं, आणि तिथे रक्त सांडलं.

आता गुलामगिरी ताबडतोब संपवा म्हणणारे घ्या. इथे फ्रेडरिक डग्लस भेटतो. आडनावं सारखी वाटतात, म्हणून पहिलं नाव लिहायची सवय ठेवा. हा स्वतः गुलामीतून १८३८ साली निसटलेला. तिन्ही प्रश्नांवर त्याची उत्तरं स्वच्छ आहेत. तरी ज्या विल्यम लॉइड गॅरिसन या गुलामगिरीविरोधी संपादकाबरोबर त्याने काम केलं, त्याच्याशी त्याचं बिनसलं ते राज्यघटनेवरून. गॅरिसनच्या मते घटनाच गुलामगिरीशी केलेला करार होता, आणि १८५४ च्या ४ जुलैला त्याने तिची प्रत जाहीरपणे जाळली. फ्रेडरिक डग्लस १८५१ पासून म्हणू लागला, की हीच घटना गुलामगिरीविरुद्धचं हत्यार होऊ शकते. आपल्या वाचकाला हा वाद परका वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केला होता.

दक्षिणेचा युक्तिवाद वाचताना आधी साल बघा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या पिढीतले कित्येक मळेवाले गुलामगिरीला वाईट म्हणायचे आणि गुलामही ठेवायचे. १८३७ मध्ये साउथ कॅरोलिनाचा सिनेटर कॅल्हून सिनेटमध्ये उभा राहून तिला सरळ हितकारक ठरवतो. मधल्या काळात गुलामांच्या कष्टावर पिकणारा कापूस वाढला होता. १८६० पर्यंत देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचाच होता.

‘उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धामागचं भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं’ असं कुणी सांगितलं, तर वाद घालू नका, कागद काढा. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा वाचा. तो दक्षिणेला हवा होता आणि राबवणार होतं केंद्र सरकार. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती. त्याला मालकाच्या हवाली केलं तर प्रकरणाचा निकाल देणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर मिळत, सोडलं तर ५. मग २४ डिसेंबर १८६० चं साउथ कॅरोलिना राज्याचं अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याचं निवेदन घ्या. त्यात तक्रार आहे, की उत्तरेची राज्यं हा कायदा पाळत नाहीत, आणि न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं जायचीसुद्धा मुभा उरलेली नाही. म्हणजे राग आहे तो न्यूयॉर्कने आपला हक्क वापरल्याचा. शेवटी मिसिसिपी राज्याचं तसंच निवेदन उघडा. आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच, स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.