उलटं जिप्सी इंजिन सुरू करताना या चुका टाळा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ जुहूला उतरवलं. त्या विमानात १२० अश्वशक्तीचं जिप्सी थ्री इंजिन होतं. चार सिलिंडर एका ओळीत, पण हेड, म्हणजे सिलिंडरचं बंद टोक, खाली आणि प्रोपेलर फिरवणारा क्रँकशाफ्ट वर. यामुळे वैमानिकाला समोरचं दिसतं, प्रोपेलरही जमिनीपासून उंच राहतो. टायगर मॉथ विमानातलं १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर याच घडणीचं, आणि ते आजही उडतं. म्हणून या चुका आजही होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बरेच दिवस उभं असलेलं इंजिन थेट सुरू करणं. वरचं ऑइल पिस्टन रिंगांमधून झिरपत खाली सिलिंडरच्या हेडमध्ये साचतं. ऑइल दाबलं जात नाही. तशात इंजिन सुरू झालं तर पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. तो त्याच वेळी तुटेल असं नाही. पुढे हवेत तुटू शकतो, आणि खरी भीती तीच आहे.

म्हणून चाकांना अडण लावा, स्विच बंद करा आणि प्रोपेलर हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. तेवढ्यात चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबली जाताना होणारा विरोध, एकेकदा हाताला लागतं. कुठे घट्ट अडलं तर जोर लावू नका. प्लग काढून ऑइल निथळू द्या.

इथे काहीजण प्रोपेलर उलटा फिरवून अडथळा सोडवतात. पेट्रोल जास्त झालं असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून उलटं फिरवणं बरोबरच आहे. साचलेलं ऑइल मात्र त्याने इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या, नळीत ढकललं जाऊ शकतं आणि सुरू करताना पुन्हा आत ओढलं जातं.

स्विच बंद आहे म्हणून मॅग्नेटो (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) निर्जीव आहे असं कधीही धरू नका. स्विचकडे जाणारी अर्थिंगची तार तुटली की तो जिवंतच राहतो. प्रोपेलरला हात लावताना दर वेळी इंजिन सुरू होणार असंच समजून उभं राहा.

सिलिंडरभोवतीचे, हवा त्यांच्यावर वळवणारे बॅफलचे पत्रे सैल असतील तर हवा बाजूने निसटते आणि सिलिंडर तापतात. ते आधी घट्ट करा.

सुरू होताना थोडा निळा धूर येणारच, त्याने घाबरू नका. नजर ऑइल प्रेशरवर ठेवा. अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर इंजिन लगेच बंद करा.