ध्यान सुरू केलंत, आता डिझाईनचं काय? स्टाईल बदलू द्यायची एक कामचलाऊ पद्धत

ध्यान म्हणा, जप म्हणा, प्रार्थना म्हणा किंवा रोज पहाटे नुसतं गप्प बसणं म्हणा, यातलं काहीतरी नेमाने करायला लागलेल्या डिझायनरला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच, की आतून तर काहीतरी हलतंय पण स्क्रीनवर अजून तेच चाललंय, तेच दोन फॉन्ट, तोच ग्रेडियंट, क्लायंटचं तेच "जरा उठाव येऊ दे". मग घाईघाईत दोन उपाय सुचतात. एक म्हणजे कामात कमळ, मंडल, ओम, डोळे मिटलेला बुद्ध असलं काही आणायचं, आणि दुसरा म्हणजे होतं नव्हतं ते सगळं काढून पांढरंशुभ्र करून टाकायचं. माझं म्हणणं, दोन्ही करू नका, निदान लगेच तरी नको, कारण याने बदलतो तो नुसता देखावा आणि देखाव्यावरून आतलं काही कळत नाही.

पटत नसेल तर जॉन पॉसनचं उदाहरण घ्या. मिनिमल काम करणारा ब्रिटिश डिझायनर, १९९५ मध्ये त्याने न्यूयॉर्कला कॅल्विन क्लाईनचं दुकान केलं. त्या दुकानाचे फोटो बघून सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंना वाटलं की आपला मठ याच माणसाने करावा, आणि चेक रिपब्लिकमधला नोव्ही द्वूरचा मठ त्याने केला, २००४ मध्ये तो उभा राहिला. म्हणजे तीच कोरी भिंत, तोच उजेड, तीच मोकळी जागा एकीकडे कपडे विकायला आणि दुसरीकडे प्रार्थनेला. भिंत बिचारी काय करणार, ती दोन्हीकडे चालते.

आता दुसरं टोक बघा. कोरिटा केंट १९३६ मध्ये लॉस एंजेलिसला नन झाली आणि साठच्या दशकात तिने जे स्क्रीनप्रिंट केले ते भडक, गच्च, अक्षरं वेडीवाकडी वळलेली, जाहिरातींचे नि पाकिटांवरचे शब्द उचलून धर्मवचनांच्या शेजारी ठेवलेले. यात शांत म्हणावं असं काही नाही, पण ते भक्तीतूनच आलेलं आहे. आणि बार्सिलोनाचा गाउदी? त्याच्याइतका धार्मिक आर्किटेक्ट शोधून सापडणार नाही आणि त्याच्याइतकं नक्षीकामही नाही. तेव्हा "माझी स्टाईल अजून साधी झाली नाही म्हणजे माझी साधना कच्ची" हा विचार आधी डोक्यातून काढा.

मग साधनेची नि कामाची जोड असते कुठे? माझ्या मते निर्णयात. काय दिसतं त्यात नाही, ते तसं का ठेवलं त्यात. आणि निर्णय तपासता येतात, म्हणून हे सगळं शिकण्यासारखं आहे, नुसतं वाट बघण्यासारखं नाही.

जुनं काम पसरा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या, बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. गेल्या काही वर्षांचं काम छोट्या आकारात प्रिंट करा आणि जमिनीवर तारखेप्रमाणे लावा. आवडीप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे. पोर्टफोलिओत टाकलेलं तर घ्याच पण नाकारलेले ड्राफ्ट, अर्धवट सोडलेल्या फाईली, मित्राच्या लग्नासाठी फुकट केलेली पत्रिका, हेही घ्या, कारण पोर्टफोलिओ हा आपण जगाला दाखवायला निवडलेला चेहरा असतो आणि इथे आपल्याला तो नकोय. कपड्यांचं डिझाईन करत असाल तर स्केच आणि कापडाचे तुकडे, इंटिरियरवाले असाल तर प्लॅन आणि साईटचे फोटो, जे असेल ते.

आता प्रत्येक कामातला एकच ठळक निर्णय निवडा, म्हणजे हा रंग, ही बॉर्डर, ही एवढी मोठी हेडलाईन, आणि चिठ्ठीवर लिहा की तो का घेतला. उत्तरं साधारण पाचच निघतात: भीती वाटली म्हणून, दाखवायला म्हणून, सवयीने, सांगितलं म्हणून, आणि त्या कामाला तेच हवं होतं म्हणून. भीती म्हणजे जागा रिकामी राहिली तर लोक म्हणतील काम कमी केलंय, ही भीती. दाखवायला म्हणजे दुसऱ्या डिझायनरांनी वा म्हणावं म्हणून, ज्याच्यासाठी काम केलंय त्याला ते कळणारही नाही तरी. सवय तर सगळ्यांना माहितीच आहे. पाचवी चिठ्ठी फार कमी पडते आणि ज्यांच्या ढिगात ती भरपूर पडते त्यांनी परत एकदा प्रामाणिकपणे बघावं असं मी सुचवेन.

चिठ्ठ्या लावून झाल्या की मागे सरका आणि दोन गोष्टी शोधा. एक, कुठल्या काळात कुठली चिठ्ठी वाढली. नोकरी बदलली तेव्हा भीती वाढली का, कौतुक व्हायला लागलं तेव्हा दाखवणं वाढलं का. दुसरी गोष्ट जास्त मजेची, ती म्हणजे सगळ्या चिठ्ठ्यांच्या खालून एकसारखं काय वाहतंय. भीतीच्या कामातही आणि मनासारख्या कामातही तोच एक निळसर राखाडी रंग येतोय, किंवा डावीकडे मोकळं सोडायची खोड दिसतेय, किंवा प्रत्येक ड्रेसची बाही कोपराखाली तिरकी कापलेली आहे. ही खरी तुमची स्टाईल, तुम्ही ठरवलेली नव्हे, आपोआप उरलेली. तिला हात लावू नका. बदलायच्या आहेत त्या चिठ्ठ्या.

साधनेला एकाच निर्णयाशी बांधा

इथे बहुतेक जण "मी जास्त सजगपणे डिझाईन करेन" असा संकल्प करतात आणि चार दिवसांत विसरतात, कारण त्याला धरायला काही नाही. त्याऐवजी तुम्ही जे रोज करता ते कामातल्या एका ठराविक क्षणाला जोडा.

श्वासावर लक्ष ठेवायची सवय असेल तर लेआउट करताना रिकामी जागा बघून हात शिवशिवतो ना, आयकॉन टाकू का, रेघ मारू का, तो क्षण पकडा. हात थांबवायचा नाही, फक्त दहा श्वास उशीर करायचा. दहा श्वासांनंतरही रेघ हवीशी वाटली तर मारा खुशाल. बऱ्याचदा वाटत नाही. हे खूळ काही नवं नाही, चित्रकार योहानेस इटेन १९१९ ते १९२३ बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाईन शाळेत शिकवत होता तेव्हा वर्गाची सुरुवात श्वासाच्या आणि शरीराच्या व्यायामाने करायचा आणि मगच मुलांच्या हातात कोळसा द्यायचा.

प्रार्थना करणाऱ्यांनी ब्रीफ म्हणजे क्लायंटची मागणी वाचल्यावर, मूडबोर्ड म्हणजे नमुन्यांचा कोलाज उघडायच्या आधी, ते काम शेवटी ज्याच्या हातात जाणार त्या एका माणसाचा विचार करावा. "टार्गेट ऑडियन्स" नाही, एक माणूस, त्याचे डोळे कसे आहेत, तो किती थकलेला असेल. हे भावुक वाटतं पण यातून अगदी कोरडे निर्णय निघतात. उदाहरणार्थ पांढऱ्यावर फिका राखाडी मजकूर. दिसायला कसा शांत, ध्यानाच्या ॲपमध्ये तर हमखास, पण वेब ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षरं नि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो आणि हे फिके राखाडी त्यात सरळ नापास होतात. करुणेवरचं वाक्य साठीच्या बाईंना वाचता येत नसेल तर कसली करुणा. कॉन्ट्रास्ट तपासा, ती सेवाच आहे.

आणि ज्यांचा कल यम-नियमांकडे आहे त्यांना तर तयार यादीच मिळालेली आहे. अस्तेय म्हणजे रेफरन्सच्या नावाखाली दुसऱ्याचा लेआउट उचलायचा नाही. सत्य म्हणजे "फक्त २ शिल्लक" असं खोटं लिहायचं नाही, सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण लपवायचं नाही. या असल्या चलाखीला हॅरी ब्रिग्नलने २०१० मध्ये डार्क पॅटर्न हे नाव दिलं आणि आता सगळ्यांना ते माहिती आहे तरी करतोच आपण. अपरिग्रह फॅशनवाल्यांसाठी, पॅटर्न असा आखायचा की कटिंगला कमीत कमी कापड वाया जाईल, आणि बघा या एका अटीने शिवणी कुठे येतात, घेर कसा पडतो, सगळं सिल्हूट म्हणजे कपड्याचा बाह्य आकारच बदलतो. व्हिज्युअल स्टाईल बदलायला कोणी सांगितलंच नव्हतं, ती मागच्या दाराने बदलली.

स्वतःसाठी एक नियम, पण मुदतीचा

अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक फर्निचर करायचे, आज म्युझियममध्ये असतं ते. त्यांच्या १८४५ च्या नियमावलीत लिहिलं होतं की निव्वळ शोभेसाठी म्हणून मोल्डिंग आणि कॉर्निस, म्हणजे कडेच्या नक्षीपट्ट्या, करायच्या नाहीत. त्यांना कुठली "स्टाईल" काढायची नव्हती, नियम पाळता पाळता जे उरलं तिला लोक नंतर शेकर स्टाईल म्हणायला लागले. तुम्ही पण असा एक नियम घ्या, तीन महिन्यांसाठी, कागदावर लिहून. एकच टाईपफेस, किंवा स्टॉक फोटो बंद, किंवा पहिला स्केच हातानेच. अट एवढीच की तो पाळताना थोडं दुखलं पाहिजे, म्हणजे तुमच्या सगळ्यात मोठ्या ढिगातली चिठ्ठी जिथे बसते तिथेच तो लागला पाहिजे. दाखवण्याचा ढीग मोठा असेल तर तीन महिने नवीन काम कुठेही पोस्ट न करणं हा पण डिझाईनचाच नियम आहे, आणि सांगते, हा सगळ्यात अवघड.

कायमचा नियम मात्र करू नका. कायमचा नियम म्हणजे ब्रँडिंग होतं.

बघायचा व्यायाम

कोरिटा केंट विद्यार्थ्यांना एक साधं साधन द्यायची, पुठ्ठ्याला मधे चौकोनी भोक. त्यातून बघायचं, म्हणजे आजूबाजूचं सगळं कटून तेवढाच तुकडा दिसतो, रस्त्यावरच्या पाटीचं अर्धं अक्षर, भिंतीचा पोपडा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने हे होत नाही कारण आपण लगेच क्लिक करतो आणि बघणं संपतं. पुठ्ठ्याला क्लिक नाही. रोज पाच मिनिटं करा, त्यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही, करून बघण्यासारखं आहे.

चिन्हांचं काय मग

वापरायची असतील तर आपली वापरा, ज्यांच्यासमोर तुम्ही स्वतः हात जोडता ती. दुसऱ्या परंपरेचं चिन्ह हवंच असेल तर त्या परंपरेतल्या माणसाला आधी दाखवा, आणि ते कुठे छापलं जाणार तेही सांगा, कारण पोस्टरवर चालणारी गोष्ट पायपुसण्यावर चालत नाही. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

कौशल्याची सुट्टी नाही

हा भाग लोकांना आवडत नाही. जॉर्ज नाकाशिमा, लाकडाच्या टेबलांसाठी प्रसिद्ध. तीसच्या दशकात पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात गोलकोंड ही इमारत बांधायला आला आणि तिथलाच साधक झाला, अरविंदांनी त्याला सुंदरानंद हे नाव दिलं. पण ज्या टेबलांमुळे आपण त्याला ओळखतो ती आश्रमात नाही सुचली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेने त्याला आयडाहोमधल्या मिनिडोकाच्या छावणीत टाकलं, तिथे गेंटारो हिकोगावा नावाचा सुतार भेटला, त्याच्याकडून तो जपानी हत्यारं नि सांधे शिकला, आणि मिळेल त्या भंगार लाकडात काम केलं. नंतर पेनसिल्व्हेनियात त्याने फळीची नैसर्गिक कड तशीच ठेवायला सुरुवात केली, आणि लाकडाला भेग असेल तर ती लपवायची नाही, फुलपाखराच्या आकाराची खुंटी उघड बसवून तिथेच थांबवायची.

आता ती भेग उघडी ठेवण्यामागे साधना आहे असं मी नक्की म्हणेन, पण ती खुंटी नीट बसली नाही तर टेबल फाटतं, आणि बसवायला सुतारकीच लागते. तर ध्यानाचा अर्धा तास कर्निंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर जुळवणं, शिकायच्या अर्ध्या तासातून कापून घेऊ नका, सोशल मीडियातून कापा. आणि वर्षांचा हिशोब पण बघा, आश्रम ते टेबल यात किती काळ गेला आणि मधे काय काय घडलं. सहा आठवड्यांचं शिबिर करून आलात आणि लोगो तसाच येतोय म्हणून हिरमुसायचं काही कारण नाही.

क्लायंटला सांगायचं का?

नाही. त्याला कारण सांगा, साधना नाही. "मला हे आतून जाणवलं" असं मीटिंगमध्ये म्हणालात तर समोरचा एकतर घाबरतो किंवा त्यालाही आतून काहीतरी जाणवायला लागतं, आणि मग लोगो मोठा करावा लागतो. "इथली रेघ काढली कारण नजर किमतीवर अडकत होती" एवढं पुरे.

कपड्यांबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. गाउदी तरुणपणी चांगला टापटीप, नटणारा होता आणि म्हातारपणी इतका फाटका राहायला लागला की १९२६ मध्ये ट्रामची धडक बसली तेव्हा लोकांना तो भिकारी वाटला. इटेन उलट डोकं भादरून मुद्दाम शिवलेला झगा घालून फिरायचा. मला पहिला जास्त पटतो, कारण त्याचं लक्षच तिकडे उरलं नव्हतं, तर दुसऱ्याचं बरंचसं तिकडेच असावं. पण तुम्हाला झगा आवडत असेल तर घाला ना, चिठ्ठी मात्र लावा त्याला पण.

तीन महिन्यांचा नियम संपला की त्या काळातलं काम जुन्या रांगेच्या शेवटी ठेवा आणि परत चिठ्ठ्या लावा. जुन्या चिठ्ठ्या बघून नाही, त्या पालथ्या ठेवून. काम वेगळं दिसतंय पण चिठ्ठ्या त्याच, तर फक्त ट्रेंड बदललाय. काम तसंच दिसतंय पण चिठ्ठ्या बदलल्या, तर घाबरू नका, तोच नियम अजून तीन महिने चालवा. दोन्ही बदललं असेल तर तो नियम सोडा आणि पुढच्या मोठ्या ढिगातून नवीन घ्या. प्रिंटच्या मागे तारीख टाकायला विसरू नका, पुढच्या वेळी रांग लावताना फार डोकेदुखी होते.