मिरगाआधी एडका निवडताना

मिरगात मेंढ्या गाभ गेल्या तर दिवाळीच्या मागंपुढं वितात. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एडका, म्हणजे पैदाशीचा मेंढा, सोडला तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोकरं येतात. तेव्हा बांधावर गवत असतं, खरीप निघालेली रानं मोकळी असतात आणि मेंढीला दूधही बरं असतं. म्हणून एडका बदलायचा असेल तर तो आत्ताच, वैशाखात आणा. त्याचं वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. मे महिन्यात ताप, उपासमार किंवा टेम्पोतला लांबचा प्रवास झाला तर त्याचा फटका जूनमध्ये बसतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडं एडका म्हटलं की माडग्याळच डोळ्यांसमोर येतो. अथणीला लागूनच सांगली जिल्ह्यातला जत तालुका, तिथलं हे जनावर. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटासारखं बाकदार नाक. बाजारात बोली चढते ती या नाकामुळं. मटणाला मात्र नाकाचा काही उपयोग नाही. वाढ जोमदार असल्यानं आपल्या काळ्या दख्खनी मेंढीवर माडग्याळ चढवला तर कोकरू वजनदार निघतं, हे खरं. पण मोठ्या अंगाला वैरणही मोठी लागते. अंगानं लहान, पहिलटकर मेंढ्या आडव्या हाडाच्या एडक्याखाली देऊ नका, विताना अडतात. घोंगडीसाठी काळी लोकर विकत असाल तर पुढच्या पिढीत तीही गेली म्हणून समजा. माझं मत विचाराल तर पंचवीसभर मेंढ्या रानोमाळ चारणाऱ्यानं नाक सोडून मध्यम बांध्याचा माडग्याळ घ्यावा, नाहीतर लांबच्या दुसऱ्या वाड्यातला, म्हणजे कळपातला, निवडक दख्खनी.

आता जुळ्यांचं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी सुवर्णा' तयार केली. त्यात सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोल मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणलं आहे. असा एडका आणला की यंदाच जुळी होतील, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. किती बीजं सुटणार हे मेंढी ठरवते, एडका नव्हे. गुण दिसतो तो त्याच्या लेकींत, त्या विऊ लागल्यावर. रक्त तपासून जनुकाच्या किती प्रती आहेत ते कळतं. दोन प्रती असलेला एडका सगळ्या लेकींना गुण देतो, एक प्रत असलेला साधारण निम्म्यांनाच. घेताना तपासणीचा कागद मागा. आणि जुळी झाल्यावर आईला दाणा-वैरण कुठून आणणार, हे आधी ठरवा. घरी बांधून, अर्धवेळ चारून मेंढ्या ठेवणाऱ्याला ही जात फळते. फिरत्या वाड्यात वाट चालताना दुसरं कोकरू हातचं जातं.

दक्षिण कर्नाटकातल्या बन्नूरचा मेंढा मांसाला भरलेला, पण आखूड पायांचा. रोजची लांब चाल त्याला सोसणार नाही. रायचूर-कोप्पळकडचा तांबडा केंगुरी कोरड्या मुलखात टिकतो, पण आपल्या बाजारात कोकराला भाव काय येईल ते आधी विचारून घ्या.

जात ठरली की जनावर बघा. दोन दाती किंवा चार दाती असावं, दुधाच्या दातांचं नको. दोन्ही अंडं सारखी, घट्ट, गाठ नसलेली. खालची पापणी उलटून बघा. लालसर हवी, पांढुरकी असली तर पोटात जंत समजा. चालवून बघा, खुरांचा वास घ्या. खानापूरच्या पावसात खुरं सडणारा एडका महिन्याभरात बसतो. जमलं तर त्याची आई बघा, तिची कास आणि मागची कोकरं बघा. टकरीत नावाजलेला टगर मात्र पैदाशीला घेऊ नका. मस्ती विकत घेऊन तुमच्या मेंढ्यांची हाडं मोडतील.

आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा. जनावरांच्या दवाखान्यात दाखवून जंताचं औषध द्या. आंत्रविषाराची लस पावसाआधी सगळ्या कळपाला द्या. दुपारी सावली आणि गार पाणी हवंच, उन्हानं वीर्य खराब होतं. रोज पाव किलो भरडा पुरे, फार चरबी चढली की एडका आळसतो.

एका पुऱ्या वाढलेल्या एडक्याला वीस-पंचवीस मेंढ्या, तरण्याला पंधरा. सोडण्याआधी तीन आठवडे मेंढ्यांनाही मूठभर मका किंवा ज्वारी चालू करा. एडक्याच्या छातीला तेलात कालवलेली गेरू लावा, म्हणजे ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर डाग उमटतो. सतरा दिवसांनी रंग बदला. एखाद-दुसऱ्या मेंढीवर दुसरा रंग दिसला तर मेंढी उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, ती पुन्हा भरेल. निम्म्याहून जास्त पाठींवर दुसरा रंग चढला तर खोट एडक्यात आहे. त्याला बाहेर काढा आणि शेजारच्या वाड्यातून दुसरा मागून आणा. एडका चांगला निघाला तरी दोन वर्षांपुढं ठेवू नका, त्याच्या लेकी तोवर माजावर येतात आणि तो त्यांच्यावरच चढतो.